झिजलेल्या दाढा

सूर्यमाळच्या रानात संस्थानचा पाहुणा गोरा साहेब शिकारीला आला. हाकाऱ्यात जखमी सांबर रान उठवायला बोलावलेल्या काळ्याच्या अंगावर धावून गेलं. शिंग पोटात घुसून काळ्या जागीच मेला.

मग सांबरही पडलं. साहेबाने त्याचा जबडा उघडून दाढांवरून बोट फिरवलं आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाला. संस्थानच्या कारभाऱ्यांनी ते सगळ्यांना मराठीत सांगितलं, "दाढा पार झिजल्यात. म्हातारं होतं. चारा चावेना म्हणून उन्हाळ्यात आपोआपच मेलं असतं."

नवऱ्याच्या प्रेताजवळ बसलेली माघी उठली. "मंग माझ्या दादल्याला कशाला बोलावलास, सायेब?"

साहेबाने कारभाऱ्यांकडे पाहिलं. "काय म्हणते?"

कारभारी अदबीने झुकले. "मटणाचा वाटा मागतेय, हुजूर."

साहेबाने अख्खी मांडी तिच्या पुढ्यात ठेवायला लावली.