मिशी दिसेपर्यंत

पात्यात मिशीचा केस न् केस दिसल्याशिवाय येसबा लोहार सुरी गिऱ्हाइकाला देत नसे. आज मात्र सकाळपासून विटेची भुकटी आणि तेल लावून घासत होता, तरी पात्यात नुसतं धुकं.

“वीट भेसळीची, तेल भेसळीचं, आता लोखंडही तसलंच!” तो करवादला.

सून चहा घेऊन आली. “बघू, मामंजी,” म्हणत तिनं सुरी उजेडाकडे धरली आणि पात्यात बघून कपाळावरची सरकलेली टिकली सारखी केली.

येसबा तिच्याकडे बघतच राहिला. हातातली चिंधी त्यानं खाली ठेवली.

“काय झालं?”

“काही नाही.” त्यानं बाजूला सरकून तिला जागा करून दिली. “पुढची सुरी तू घास. भाता मी न बघताही ओढीन.”