आठवड्याची डबी

सकाळी अकरा वाजता दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ठकीपुढे ठोकळे ठेवले. चार वर्षांच्या मुलीने मनोरा रचला नाही. तिने एक ठोकळा उचलून चाटला.

"हिचं असंच. सगळं आधी जिभेला," आई ओशाळून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी टिपून घेतलं. चालणं उशिरा, शब्द मोजके. "गरोदरपणी काही औषधं?"

आईने ठकीला जवळ ओढलं. "फिटच्या गोळ्या. बाळाला बाधतील म्हणून जीव खालीवर व्हायचा. हे म्हणायचे, माझ्यावर सोड. ह्यांचं औषधांचं दुकान ना. दर रविवारी आठवड्याची डबी हेच भरून देतात. एकही गोळी चुकवली नाही मी."

"तरी फिट आली?"

"सातव्या महिन्यात. जिन्यात पडले. बराच वेळ शुद्ध नव्हती."

"नवल आहे. गोळ्या उलटून पडत होत्या का? फार कडू असतात."

"छे! तेव्हा तर गोड लागायच्या. हे म्हणाले, डोहाळे गं, आता तुला साबणही गोड लागेल."

ती हसली. वडील ठकीच्या बुटाची नाडी बांधत होते. बांधलेली नाडी सोडून ते पुन्हा बांधू लागले.

"ठकीचं हे गोळ्यांमुळे की त्या फिटमुळे, आज सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आईने पोटावर हात ठेवला. "मला पुन्हा दिवस गेलेत. या वेळी बंद करू का?"

"मुळीच नाही. तुमची आताची गोळी बाळाला पुष्कळ कमी धोक्याची आहे. कडू मात्र तितकीच. बंद केलीत तर पुन्हा फिट येईल, आणि ती दोघांच्या जिवावर बेतेल." त्या वडिलांकडे वळल्या. "ऐकलंत ना?"

"हो. मी जातीने बघतो."

रविवारी त्यांनी दुकानातून डबी भरून आणली आणि बायकोच्या हातात ठेवली. "एकही चुकवू नकोस."

जेवणानंतर आईने पहिला कप्पा उघडला. गोळी निसटून फरशीवर पडली. ठकीने ती उचलून तोंडात टाकली.

आई किंचाळली. तिने बोट घालून गोळी बाहेर काढली. "थू कर! कडू आहे, थू!"

ठकीने ओठ चाटले. मग आजवर तिच्या तोंडून कधीच न आलेला एक शब्द ती स्पष्ट बोलली.

"गोड."