ठोठावण्यापुरते दार

‘तिसऱ्या मजल्यावर कोणीही वास्तव्यास आढळले नाही,’ असे गृहनिर्माण खात्याच्या पाहणी-अहवालात नमूद आहे. वाक्य निर्दोष आहे. आढळण्यासाठी शोधावे लागते, शोधण्यासाठी वर जावे लागते. आणि दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर जाणारा जिना विकासकाने दुरुस्तीच्या नावाखाली तोडून नेला, तो पुन्हा बसवलाच नाही. जिना नसल्याची नोंद खात्याने केली नाही, कारण अहवालात त्यासाठी रकाना नव्हता. माणसे नसल्याची केली, कारण त्यासाठी होता.

न आढळलेल्या माणसांपैकी एक, कवळीवाले, दुसऱ्या मजल्यावर शिडीच्या पायथ्याशी उभे होते. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत त्यांनी आयुष्यभर लोकांच्या कवळ्या घडवल्या. तिथेच ते आणि त्यांची थोरली बहीण राहत. बऱ्याच खेपा घातल्यावर फेरपाहणी मंजूर झाली होती. आज ‘रिकामी’ हा शेरा खोडला गेला नाही, तर नव्या इमारतीतल्या खोलीवरचा भाडेकरूचा हक्क संपणार होता, आणि भावंडांना जायला दुसरी जागा नव्हती.

“साहेब, मी राहतो वर. हा काय तुमच्यासमोर उभा आहे.”

“तुम्ही खाली उभे आहात,” पाहणी अधिकारी म्हणाला. त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. “खाली उभा असलेला माणूस वर राहतो, हे मी कशावरून धरू?”

“मग वर चला. शिडी भक्कम आहे.”

“शिडी चढायची आम्हाला परवानगी नाही. उद्या पडलो, तर जबाबदार कोण?”

जिन्याच्या रिकाम्या जागेतून थोरल्या बहिणीने, ताईंनी, खाली डोकावले. “आणि मी? मी काय भूत आहे?”

“तुम्ही दिसताय हो ताई. पण दार ठोठावायचं, आतून उत्तर आलं तर वास्तव्य, असा नियम आहे. कठड्यावरून बोललेलं धरता येत नाही. कठड्यावरून पाहुणेही बोलतात.”

“पाहुणे!” ताई म्हणाल्या. “जिना गेल्यापासून मी खाली उतरलेली नाही. एवढे दिवस चिकटून बसणारा पाहुणा बघितलाय का कुठे?”

विकासकाचा व्यवस्थापक भिंतीशी अदबीने उभा होता. “नियमापुढे कुणाचं काय चालतं, काका? मला तर फार वाईट वाटतं.”

“म्हणून जिना नेलास होय रे?” ताईंनी वरून विचारले. “आमचे गुडघे दुखतात, त्याचं वाईट वाटलं असेल!”

कवळीवाल्यांच्या धंद्यात जबडा कारागिराकडे चालत येत नाही. दंतवैद्य त्याचा साचा पाठवतो, त्या साच्यावर दात बसतात, आणि ते परक्या तोंडात नेमके जुळतात. जे जागचे हलत नाही, त्याचे काम दुसरीकडे उरकायचे, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. ते शिडी चढून वर गेले. थोड्याच वेळात वरून पेचकसाचा आवाज येऊ लागला.

“अरे, दार काढलंस तर घरात राहील काय?”

“आपण राहू, ताई. दोरी धर.”

कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधलेले दार जिन्याच्या पोकळीतून हेलकावे खात खाली आले. कडी वाजत होती. दुसऱ्या मजल्याच्या फरशीवर ते टेकले तेव्हा अधिकाऱ्याने ते पडू नये म्हणून स्वतःच हात दिला.

“ठोठावा, साहेब!” कवळीवाल्यांनी वरून हाक दिली.

अधिकाऱ्याने शर्टाची कॉलर सारखी केली आणि दार रीतसर ठोठावले.

“कोण आहे?” ताईंनी विचारले, आजवर दारावर आलेल्या प्रत्येकाला विचारले होते, अगदी तसेच.

“पाहणी अधिकारी.”

“या ना, आत या.”

अधिकाऱ्याला हसू आले. त्याने पेन काढले. वर कवळीवाल्यांनी दोरीची पकड पहिल्यांदाच सैल केली.

“एक शंका होती, साहेब,” व्यवस्थापक हळूच म्हणाला. “दार इथे आहे. म्हणजे वरच्या खोलीला दार नाही. आणि दार नसलेली खोली निवासी धरू नये, असं आपल्याच खात्याचं परिपत्रक आहे ना?”

पेन थांबले. अधिकाऱ्याने दाराकडे पाहिले, वर पाहिले.

“आहे खरं,” तो म्हणाला, आणि लिहू लागला.

कवळीवाले शिडी उतरून आले, तेव्हा कागद मिटला होता. व्यवस्थापक त्यांच्याच दाराला पाठ टेकून उभा होता.

“काय लिहिलंत?”

“खोलीला दार नाही, असं. जे दिसलं तेच लिहिलं, काका. माझ्या पदरचं काही घातलं नाही.”

“परत बसवतो. आत्ता बसवतो. तुम्ही थांबा.”

“पाहणी झाली ना आता.”

कवळीवाल्यांचे हात दोरीने सोलवटले होते. ते त्यांनी पाठीमागे घेतले, शाळेत घेतात तसे.

“आणि मागच्या वेळी, साहेब? तेव्हा तर दार जागेवर होतं. आम्ही दोघं घरात होतो. तेव्हा कसे नाही दिसलो तुम्हाला?”

अधिकाऱ्याने पेन खिशाला लावले. त्याला लाज वाटत नव्हती; जुन्या ओळखीतल्या कुणाची विचारपूस करावी, तसा तो बोलला.

“दिसलात की. मी खाली उन्हात उभा होतो. ताईंनीच खिडकीतून विचारलं, दोरीने पाण्याचा तांब्या सोडू का खाली म्हणून. मी म्हटलं, नको, घाईत आहे.”