तळ्याकाठचा मुक्काम

फुटबॉलच्या विश्वचषकात मुलाला खेळताना बघायला शिंपीदादा आणि शिंपीणबाई परदेशी निघणार होते. वाटेत तळ्याकाठच्या आलिशान हॉटेलात दोन दिवस मस्त लोळायचं, हा मुलाचाच हट्ट. बाई फोनवर ट्रॅव्हलवालीशी तेच ठरवत असताना तो कुबड्या टेकत दारात आला. "गुडघा गेला, आई. संघातून बाहेर." फोनवरची मुलगी विचारत होती, "काकू, उशी मऊ की कडक?" "मऊ," बाई म्हणाल्या. "मालिश दोघांनाही?" "हो." स्वतःचाच आवाज त्यांना शेजारणीचा वाटला. रडूही येईना. दादा हातातली कात्री उघडत-मिटत राहिले. "तुम्ही जाऊन या," मुलगा म्हणाला. "मी टीव्हीवर बघेन." बाई पुन्हा फोनकडे वळल्या. "पुढचं विमान रद्द कर, पोरी. तळ्याकाठीच आठवडाभर राहू. तीन माणसं." "अहो काकू, मग मॅच?" "मॅच कुणाला बघायची होती? आम्ही याला बघायला चाललो होतो."