शेवटचा पट्टा

"पट्टे काढा," माणिकराव जमादार म्हणाले. "समदे हितं बाजेवर टाका. मंग हाताला येईल त्यो घाला."

बराकीत सतरा शिपाई होते. बाहेर मैदानात चौकशीचे साहेब टेबल मांडून बसले होते. दहा मिनिटांत ओळख परेड होती. बाजेवर पट्ट्यांचा ढीग झाला. प्रत्येक पितळी बकलावर ज्याचा त्याचा नंबर होता.

तक्रार पोखर्णीच्या कासाबाईची होती. तिचा नवरा ग्यानबा मेंढरे राखायचा. कापूसचोरीच्या संशयावरून त्याला ठाण्यात आणले होते. दोन दिवसांनी सोडले तेव्हा त्याला उभे राहता येत नव्हते. सात महिने झाले, अजूनही येत नव्हते. मारहाण चालू असताना कासाबाईने दारातच मारणाऱ्याचे पाय धरले होते. त्याच्या तोंडाकडे पाहायची तिची हिंमत झाली नाही. नजर बकलापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. नंबर तिला वाचता येत नव्हता. पाहिला की ओळखीन, एवढेच तिने जबानीत सांगितले होते.

"मेंढरामागची बाई ती," कुणीतरी म्हणाले. "भुजंग, बँ कर रं. लगेच वळखंल."

सगळे हसले. भुजंगही हसला. मारणारा तोच होता, हे बराकीत सगळ्यांना माहीत होते.

सूर्यभान हसला नाही. पण बोललाही नाही. पोलिसांची संघटना नुकतीच झाली होती. त्याआधी तो साहेबांच्या बंगल्यावर धुणे धुवायला जायचा. आता जावे लागत नव्हते. आठवड्याची सुट्टी मिळत होती. बायको बाळंतपणात अडली तेव्हा रजा नामंजूर झाली होती. संघटनेचे सेक्रेटरी म्हणून माणिकराव वरपर्यंत भांडले आणि रजा मिळाली. बायको वाचली, मूलही वाचले. सूर्यभान हे विसरला नव्हता.

तो घुटमळला तेवढ्यात बाज रिकामी झाली. एकच पट्टा उरला होता. भुजंगचा. त्याला कुणी हातच लावला नव्हता.

"जमादार, हा..."

"घाल की. तुला काय व्हतंय? त्या दिवशी तुझी बाजारात ड्युटी व्हती, डायरीत हाय. बाईनं तुला दाखवलं तर बाईच खोटी पडती."

डायरीत तसे होतेच. पण त्या दुपारी सूर्यभान जेवायला ठाण्यात आला होता. दारात बसलेल्या कासाबाईला त्याने तांब्याभर पाणी दिले होते. ते डायरीत नव्हते.

त्याने पट्टा बांधला. भुजंगचे पोट मोठे होते. शेवटच्या भोकात अडकवूनही पट्टा सैल राहिला आणि टोक वीतभर लोंबू लागले.

कासाबाई रांगेच्या एका टोकापासून निघाली. ती तोंडाकडे पाहत नव्हती. एकेका बकलासमोर थांबायची, पाहायची, पुढे सरकायची. भुजंगसमोरूनही ती तशीच पुढे गेली. सूर्यभानसमोर मात्र थांबली. वाकून तिने बकल पाहिले. तिचा श्वास त्याला ऐकू आला.

"साहेब, नंबर ह्योच."

साहेबांनी पेन उचलले. "नक्की? बघून सांगा."

तेव्हा तिने मान वर केली. सूर्यभानच्या तोंडाकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

"नंबर ह्योच हाय," ती म्हणाली. "मानूस ह्यो न्हाई."

साहेब उठून जवळ आले. त्यांनी बकल पाहिले. मग लोंबणारे टोक पाहिले. मग माणिकरावांकडे पाहिले. नंबर आणि नावे असलेला हजेरीपट टेबलावरच पडला होता.

"हा नंबर तुझाच?" त्यांनी सूर्यभानला विचारले.

सतरांमध्ये भुजंग कुठे उभा आहे, हे सूर्यभानला न पाहताही कळत होते. माणिकराव हळूच खाकरले.

"होय साहेब. माझाच."

साहेब खुर्चीवर परत गेले. हजेरीपट त्यांनी उघडला नाही. 'फिर्यादीस इसम ओळखता आला नाही,' असे लिहून त्यांनी कासाबाईचा अंगठा घेतला.

बराकीत पट्टे पुन्हा ज्याचे त्याला मिळाले. भुजंगने सगळ्यांना चहा सांगितला. सूर्यभान चहाला थांबला नाही. त्याने रांजणातून तांब्या भरला आणि तो फाटकाकडे गेला. कासाबाई एसटीची वाट पाहत भिंतीच्या सावलीला बसली होती.

"बाई, मला वळखलं तुमी?"

"वळखलं की. ऐंशी मेंढरं हायत माझी. ज्याचं त्याचं तोंड ठावं हाय मला."

"माझ्यावर बोट ठिवलं असतं, तर निदान कोनाचं तरी नाव लागलं असतं."

"पानी पाजलेल्या मानसाचं?"

तिने तांब्या घेतला. पिता पिता तिची नजर त्याच्या कमरेकडे गेली. बकलावरचा नंबर आता वेगळा होता. पट्टाही नीट बसला होता. तिने सगळे पाणी पिऊन घेतले, पदराने तोंड पुसले आणि रिकामा तांब्या त्याच्या हातात दिला.

"म्या माझं खरं सांगितलं, दादा," ती म्हणाली. "मला वाटलं, आता तुमी सांगताल."