पेपरमधला प

बाईंनी कागदाची पातळ पट्टी पुढे आलेल्या मुलीच्या ओठांसमोर धरली. "म्हण, पेपर."

"मेमर," ती म्हणाली. पट्टी ढिम्म हलली नाही.

कुणी हसलं नाही. इंग्रजी उच्चारांच्या तासाला हसायचं नाही, हा बाईंचा एकुलता एक नियम होता.

तिच्या टाळूला जन्मापासून भोक होतं. उन्हाळ्यात डॉक्टरांनी ते शिवून बंद केलं, पण जुनी खोड जाईना. बोलायला गेली की वारा नाकातून पळायचा. वर्गात तिला मुकीच म्हणत. तीही त्या हाकेला मान वर करायची.

तेवढ्यात मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले.

"बाई, धडे मागे पडलेत आणि तुम्ही कागद उडवताय? परीक्षेत उच्चाराला एक तरी मार्क आहे का?"

"नाही, सर."

"मग? आणि हिचं लेखी चांगलं आहे. हिला कशाला छळताय?"

"आज तिनंच हात वर केला, सर. इंग्रजीतला प फुंकर घालून म्हणावा लागतो. तो आपल्याला कुणालाच येत नाही. या तासाला ही एकटी मागे नसते."

सर आत आले, पण बसले नाहीत.

"नाक चिमटीत धर," बाई म्हणाल्या.

वाऱ्याची पळवाट बंद झाली. गाल फुगले. "पेपर." पट्टी फडफडली.

"आता सोड."

"मेमर." तिचे डोळे भरून आले. सरांनी नजर खिडकीकडे वळवली.

"पुन्हा," बाई शांतपणे म्हणाल्या.

तिनं ओठ घट्ट मिटले. वारा नाकाकडे निघाला तसा तिनं तो मागे ओढला, ओठांशी आणून कोंडला, आणि सोडला.

"पेपर!"

पट्टी बाईंच्या बोटांतून सुटून थेट पहिल्या बाकावर जाऊन पडली. वर्गानं बाकं बडवून खोली डोक्यावर घेतली. 'शांत बसा' म्हणायला उघडलेलं सरांचं तोंड तसंच राहिलं. ती मात्र सुटलीच होती. पेन. पार्क. पोटॅटो. बॉल. बुक.

'ब'पाशी ती थबकली.

"बाई, तुमचा फोन द्याल?"

पलीकडे छापखान्याची घरघर होती. "हॅलो, कोण?" वडील ओरडून विचारत होते.

"बाबा."

"कोण पाहिजे तुम्हाला? राँग नंबर!"

"बाबा, मी आहे. मीच. बाबा!"

मग वडिलांचा आवाज आला, पण तो तिच्यासाठी नव्हता.

"अरे, मशीन बंद करा! सगळी बंद करा! जन्मभर मला मामा म्हणत आलेली माझी पोरगी बोलतेय!"

घरघर थांबली.

"हं," वडील म्हणाले. "आता बोल."