ट्रॉलीतला ऊस

घंटी वाजवून माझा अंगठा दुखायला लागला, तरी उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अख्खा रस्ता अडवून रमतगमत चालला होता. शेवटी मोकळी जागा मिळताच मी सायकल पुढे काढली आणि चालवणाऱ्या मामांना ओरडून म्हणालो, "यापेक्षा चालत गेलात तर लवकर पोहोचाल!"

पुढे खिंडीचा चढ लागला. थोडं चढताच माझा दम संपला आणि ट्रॅक्टर त्याच चालीने शेजारून पुढे गेला. मागच्या ट्रॉलीतून एक लांब ऊस बाहेर आला होता. इकडेतिकडे बघून मी तो घट्ट धरला. सायकल आपोआप चढू लागली.

थोड्या वेळाने ऊस मोळीतून सटकला. मी सायकलसकट चरात पडलो, पण ऊस हातातच राहिला.

ट्रॅक्टर थांबवून मामा खाली आले. माझ्या हातातला ऊस बघून हसले. "एवढ्यासाठी मघाधरनं घंटी बडवत हुतासा व्हय? मागायचा की!"

खरं सांगण्यापेक्षा चोर ठरणं परवडलं. मी मान डोलावली.

मामांनी आणखी पाच ऊस उपसून माझ्या सायकलला करकचून बांधले आणि ट्रॅक्टर निघून गेला. अर्धा चढ अजून बाकी होता.